गंजलेल्या ट्रान्समिशन कूलर लाइन घरी कशा बदलाव्यात

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कचा उत्तर भाग किंवा ऑन्टारिओ इथे राहणाऱ्या आणि जुना ट्रक अजून चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. गाडीखाली इंजिनाच्या जरा मागे लालसर तेलाचा डाग दिसू लागला, की बहुतेक वेळा दोष ट्रान्समिशनचा नसतो. ट्रान्समिशनपासून रेडिएटरपर्यंत जाणाऱ्या दोन स्टीलच्या नळ्या गंजलेल्या असतात. या कूलर लाइन घरच्या ड्राइव्हवेवर बदलता येतात, पण काम नीटच व्हायला हवं, कारण इथली हयगय अख्ख्या गिअरबॉक्सला भोवते.

गाडीगणिक तपशील बदलतात, म्हणून मी एकच गाडी धरून लिहितो: 1999 ते 2006 या पिढीची शेव्हरोले सिल्व्हराडो 1500 किंवा टाहो, 5.3 लिटरचं व्ही8 इंजिन आणि 4एल60-ई ही चार गिअरची ऑटोमॅटिक. जीएमसी सिएरा आणि युकॉन याच घरातल्या. तुमची गाडी दुसरी असली तरी कामाचा क्रम हाच राहतो. फिटिंग, ऑइल आणि लेव्हल तपासायची पद्धत मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या.

लाइनचं काम काय

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग. त्यात ऑइल घुसळलं जातं आणि तापतं. पंप ते गरम ऑइल एका लाइनमधून रेडिएटरच्या कडेच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरकडे ढकलतो. थंड झालेलं ऑइल दुसऱ्या लाइनने परत येतं आणि आतल्या गिअर-बेअरिंगच्या वंगणाला लागतं. लाइन फुटली तर फक्त थंडावा जातो असं नाही, वंगणही जातं. पातळी पुरेशी उतरली की पंप हवा ओढू लागतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. हायवेवर याला काही मिनिटं पुरतात.

इंजिन बंद असताना पंप चालत नाही, त्यामुळे रात्रभर खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर चारच थेंब दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. तीच लाइन गाडी धावत असताना धार सोडत असते. पुठ्ठ्यावरचे थेंब मोजून गळतीचा अंदाज बांधू नका.

लाइन गंजतात त्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेल्या मिठामुळे. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे 1,200 फुटांवर मिठाची मोठी खाण आहे. साध्या मिठासोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावणही रस्त्यांवर फवारतात. ही क्षारं हवेतला ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे रस्ता कोरडा झाला तरी गाडीखालचं लोखंड ओलंच राहतं. लाइन सगळ्यात आधी सडते ती तिला धरणाऱ्या क्लिपांखाली, कारण तिथे चिखल आणि मीठ अडकून बसतं. गरम गॅरेजमध्ये तर गंज आणखी वेगाने चढतो.

आधी गळती पक्की ओळखा

ट्रान्समिशनचं ऑइल लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. या गाड्यांतलं कूलंट नारिंगी आणि पाण्यासारखं पातळ असतं, इंजिन ऑइल काळपट. धावत्या गाडीत वारा ऑइल मागे उडवतो, म्हणून जिथे ओलं दिसतं तिथेच भोक असेल असं समजू नका. ब्रेक क्लीनरने सगळा भाग धुऊन कोरडा करा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि टॉर्च घेऊन ओलावा कुठून सुरू होतो ते वरून खाली पाहत या. तीन जागा नेहमीच्या: लाइनचा रबरी तुकडा स्टीलच्या नळीला जिथे दाबून जोडला आहे तो सांधा, इंजिनाच्या बाजूने जाताना ब्रॅकेटखालचा भाग आणि रेडिएटरवरचं क्विक-कनेक्ट फिटिंग, म्हणजे आट्यांऐवजी तारेच्या क्लिपने लाइन धरणारा जोड. फक्त फिटिंगपाशी ओलं असेल आणि लाइन धडधाकट असेल, तर नवीन फिटिंग आणि क्लिप एवढ्यावर काम भागू शकतं.

डिपस्टिकवर (ट्रान्समिशन ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर) किंवा रेडिएटरच्या टाकीत स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस दिसला, तर लाइन बदलायचा विचार बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळलं आहे असा त्याचा अर्थ. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या अस्तराचा चिकटा सोडवतं. तिथे आधी रेडिएटर बदलावा लागतो आणि ट्रान्समिशन आतून पूर्ण धुवावं लागतं. ते काम जाणकाराकडेच द्या.

गळती मोठी असेल तर गाडी दुकानापर्यंतसुद्धा चालवू नका. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागवा. मागची चाकं रस्त्यावर फिरती ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने पंप फिरत नाही, आणि वंगणाविना भाग घासले जातात.

ठिगळ की नवी लाइन

सडका तुकडा कापून मध्ये रबरी होज घालायची आणि दोन क्लॅम्प आवळायचे, हा उपाय कुणीही सुचवतो. माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरता तो ठीक, कायमचा नाही. जिथे एका ठिकाणी भोक पडलंय तिथे शेजारची वीतभर नळीही पातळ झालेली असते. शिवाय साध्या कापलेल्या नळीच्या गुळगुळीत टोकावर होज दाबाखाली सरकते. तिला धरायला टोकाला गोल उंचवटा लागतो. तात्पुरती का होईना, होज घालायचीच असेल तर एसएई जे1532 या मानकाची ट्रान्समिशन कूलरची होज घ्या. पेट्रोलची किंवा हीटरची होज या ऑइलने आणि उष्णतेने फुगते, मऊ पडते.

तुमच्या गाडीसाठी तयार वाकवलेली लाइन मिळत नसेल तर निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी चांगली. ती गंजत नाही आणि हाताने वाकते. पण तिला फ्लेअर करून, म्हणजे टोक फुलवून, योग्य फिटिंग लावता आली पाहिजेत. शुद्ध तांब्याची नळी वापरू नका, इंजिनाच्या थरथरीने ती तडकते.

तयार लाइन मागवताना व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक देऊन मागवा. इंजिन कोणतं, टू-व्हील की फोर-व्हील आणि ग्रिलमागे वेगळा जादा कूलर आहे का, यावर लाइन बदलते. जादा कूलर असेल तर ऑइल आधी रेडिएटरमध्ये, मग त्या कूलरमध्ये आणि मग परत ट्रान्समिशनमध्ये येतं, म्हणजे लाइनचे तुकडे जास्त. बऱ्याच 2500एचडी ट्रकमध्ये 4एल80-ई ही वेगळी ऑटोमॅटिक येते, तिच्या लाइन या गाडीला चालत नाहीत. दोन्ही लाइन एकदमच घ्या. त्या एकाच वयाच्या आहेत, एकाच मिठात भिजल्या आहेत, आणि एक बदलताना दुसरीला हिसके बसतातच.

काय जमवून ठेवायचं

दोन नवीन लाइन, क्विक-कनेक्ट फिटिंगच्या नवीन क्लिपा आणि हात लागलेच आहेत तर नवीन फिटिंगही. डेक्स्रॉन-6 ऑइलचे चार-पाच क्वार्ट. एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. जनरल मोटर्सने हे ऑइल 2005 मध्ये आणलं आणि जुन्या डेक्स्रॉन-3 च्या जागी ते चालतं, त्यामुळे तुमच्या गाडीच्या डिपस्टिकवर जुनं नाव असलं तरी अडचण नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं लिहिलेले डबे मी तरी घेणार नाही.

हत्यारांमध्ये सॉकेट सेट, फ्लेअर नटचे पाने, 3/8 इंचाचं क्विक-कनेक्ट सोडवायचं हत्यार, वाकड्या टोकाचा बारीक टोचा, छोटा ट्यूब कटर, गंज सोडवणारा फवारा, ऑइल धरायची पसरट थाळी, मापाच्या खुणा असलेलं भांडं आणि लांब नळीचं फनेल. डोळ्यांना चष्मा हवाच. पाठीवर पडून काम करताना गंजाचा चुरा सरळ डोळ्यांत पडतो.

आदल्या संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर सगळ्या ब्रॅकेटच्या बोल्टांवर आणि दोन्ही टोकांच्या फिटिंगांवर फवारा मारून ठेवा. वीस हिवाळे खाल्लेल्या बोल्टाला रात्रभर भिजण्याची गरज असते. लाइन कुठून कशी जाते, कुठली वर आणि कुठली खाली, याचे फोटोही तेव्हाच काढा. जुन्या लाइनना रंगीत टेप लावून एकीवर ‘वरची’, दुसरीवर ‘खालची’ असं लिहून ठेवा. जादा कूलर असलेल्या गाडीत लाइनची अदलाबदल झाली तर ऑइलचा फेरा उलटा होतो.

गाडी उचलणं

सपाट, काँक्रीटची जागा निवडा. मागच्या चाकांना पाचर लावा, हँडब्रेक ओढा, गाडी पार्कमध्ये ठेवा. पुढची चाकं रॅम्पवर चढवा, नाहीतर जॅकने उचलून चौकटीखाली दोन जॅकस्टँड लावा. फक्त जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. सिमेंटचे ब्लॉक तर मुळीच वापरू नयेत, ते कसलीही सूचना न देता फुटतात. स्टँड लावल्यावर गाडीला जोराने ढकलून पाहा. हलली तर पुन्हा लावा. घरात कुणाला तरी सांगून ठेवा की तुम्ही गाडीखाली आहात. ऑइल आणि एक्झॉस्ट पूर्ण थंड होईपर्यंत सुरुवात करू नका. गरम ऑइलने हात भाजतो आणि तापलेल्या एक्झॉस्टवर ते पेट घेऊ शकतं.

रेडिएटरकडचं टोक

एअर फिल्टरचं खोकं किंवा पंख्याचं वरचं आवरण वाटेत येत असेल तर काढून ठेवा. इथे कमावलेली जागा पुढचा अर्धा तास वाचवते.

फिटिंगवर प्लॅस्टिकची छोटी टोपी असते. ती लाइनवरून मागे सरकवली की आत तारेची क्लिप दिसते. थाळी खाली ठेवा. टोच्याचं टोक क्लिपच्या उघड्या टोकाखाली घालून ती हलके फिरवत बाहेर काढा आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर ठेवा, नाहीतर ती उडून इंजिनाच्या बेचक्यात हरवते. क्लिप निघाली की लाइन सरळ मागे ओढा. हलत नसेल तर लाइन आधी आत ढकला, किंचित डावी-उजवी फिरवा, मग ओढा.

या सगळ्या कामात सर्वांत नाजूक जागा हीच. रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची, आतला कूलर पातळ धातूचा. फिटिंग गंजून बसलं म्हणून लांब पाना घालून जोर लावला तर आतला कूलर पिळला जातो आणि त्याला तडा जातो. मग वर सांगितलेला गुलाबी फेस तुमच्याच हाताने तयार होतो. फिटिंग काढायचं असेल तर टाकीजवळचा षटकोनी भाग एका पान्याने घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्याने फिटिंग फिरवा. तरीही सुटत नसेल तर थांबा, पुन्हा फवारा मारा, तासभर जाऊ द्या. फिटिंग चांगलं दिसत असेल तर ते तसंच ठेवून फक्त क्लिप बदलणंही शहाणपणाचं आहे.

ट्रान्समिशनकडचं टोक

4एल60-ई मध्ये दोन्ही लाइन गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला, म्हणजे इथल्या प्रवासी बाजूला जोडलेल्या असतात. इथेही क्विक-कनेक्ट असेल तर पद्धत तीच. जागा मात्र अरुंद आणि डोक्यावर उष्णतारोधक पत्रा, त्यामुळे लांब एक्स्टेन्शन आणि छोटा आरसा हाताशी ठेवा. फिटिंगभोवतीचा चिखल ब्रशने झाडून मगच ते उघडा. इथून आत गेलेला वाळूचा कण थेट व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत, म्हणजे ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागापर्यंत पोचू शकतो. लाइन सुटली की उघडं तोंड स्वच्छ प्लॅस्टिकच्या बुचाने बंद करा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.

आता ब्रॅकेटचे बोल्ट. निघाले तर उत्तम. बोल्टाच्या कडा झिजून पाना सटकू लागला तर तिथे अडकून बसू नका. जुनी लाइन तशीही फेकायचीच आहे, ती ट्यूब कटरने दोन-तीन तुकड्यांत कापा आणि काढा. ब्रॅकेट मोकळं झालं की बोल्टालाही नीट पकड मिळते. ग्राइंडर चालवू नका, ठिणग्या आणि ऑइल एकाच जागी नकोत. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात जपून ठेवा, ते किती होतं हे पुढे लागणार आहे.

त्याच ऑइलकडे एकदा नीट पाहा. तपकिरी असून जळका वास येत असेल किंवा बोटांवर धातूची चकचकीत पूड लागत असेल, तर ट्रान्समिशनला आधीच इजा झालेली आहे. अशा वेळी कूलर फ्लश करून (आतून धुऊन) आणि गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन काढून फिल्टर बदलूनच नवी लाइन लावा, नाहीतर कूलरमधला गाळ परत आत जाईल. ऑइल लाल आणि स्वच्छ असेल तर फ्लशच्या भानगडीत पडायची गरज नाही.

नवी लाइन बसवणं

नव्या लाइनच्या टोकांवरची बुचं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. जुनी आणि नवी शेजारी ठेवून वळणं जुळतात का पाहा. पाठवताना थोडीशी वाकली असेल तर मोठ्या गोलाईत हळूच सरळ करा. नळी चेपली तर मात्र परत द्या.

रिकाम्या फिटिंगमध्ये नवी क्लिप बसवताना ती समोरून सरळ दाबू नका, तशी दाबली तर ती पसरते आणि तिची पकड जाते. क्लिपचं एक टोक फिटिंगच्या एका खाचेत अडकवा, मग अंगठ्याने फिरवत बाकीची टोकं आपापल्या खाचांत येऊ द्या. ती मोकळी हलली पाहिजे, पण निसटता कामा नये. जुनी क्लिप चांगली दिसली तरी परत वापरू नका.

मग लाइन गाडीखालून वळवत जागेवर आणा. सगळी ब्रॅकेट आधी सैल लावा आणि दोन्ही टोकं जोडून झाल्यावरच आवळा. आधी ब्रॅकेट आवळलं तर लाइन तिरपी राहते, फिटिंगमध्ये तिरकी घुसते आणि आतली गळती रोखणारी रबरी कडी (ओ-रिंग) कापते. लाइनच्या टोकाला स्वच्छ ट्रान्समिशन ऑइलचं बोट फिरवा आणि ती सरळ आत ढकला, टक्क असा स्पष्ट आवाज येईपर्यंत. आवाज आला तरी लाइन जोराने मागे ओढून पाहा. शेवटी प्लॅस्टिकची टोपी पुढे सरकवा. लाइन पूर्ण आत गेली नसेल तर टोपी बसत नाही, म्हणून टोपी बसत नसताना ठोकून बसवू नका. अर्धवट बसलेली लाइन अंगणात टिकते आणि पहिल्या चढावर निसटते. चारही टोकांना ही तपासणी एकेक करून करा.

तुमच्या गाडीत आट्यांची फिटिंग असतील तर पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरवा. आटे तिरपे चढले तर गिअरबॉक्सची ॲल्युमिनियमची बॉडी खराब होते. किती आवळायचं तो आकडा तुमच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

ब्रॅकेट आवळताना लाइन एक्झॉस्टपासून, स्टिअरिंगच्या भागांपासून आणि फोर-व्हील गाडीत पुढच्या शाफ्टपासून लांब आहे ना ते पाहा. दोन लाइन एकमेकींना घासत असतील तर त्यांच्यामधली मूळची क्लिप परत लावा.

ऑइल भरणं आणि लेव्हल

भांड्यात जमलं तेवढंच ऑइल डिपस्टिकच्या नळीतून भरा. आधीपासून गळून गेलेलं किती ते ठाऊक नसतं, म्हणून त्यानंतर अर्ध्या क्वार्टहून जास्त एका वेळी घालू नका. इंजिन सुरू करा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह असं सावकाश फिरवा, प्रत्येक जागी काही सेकंद थांबा आणि पार्कमध्ये आणा. लगेच डिपस्टिक पाहा, ऑइल दिसलंच नाही तर आणखी घाला.

आता इंजिन चालू असताना चारही सांधे पाहा. हात लावू नका, पांढरा कागदी टॉवेल सांध्याभोवती फिरवा, बारीक गळतीही त्यावर लाल उमटते. सगळं कोरडं असेल तर गाडी खाली उतरवा आणि वीसेक मिनिटं घराजवळच्या रस्त्यांवर चालवा.

खरी लेव्हल गरम ऑइलवरच कळते. 4एल60-ई साठी ऑइल साधारण 82 ते 93 अंश सेल्सियस, गाडी सपाट जागी, इंजिन चालू, लिव्हर पार्कमध्ये. डिपस्टिक पुसून पूर्ण आत घाला, बाहेर काढा, दोन्ही बाजू पाहा आणि कमी दिसेल ती बाजू खरी माना. पातळी ‘हॉट’च्या रेघाळलेल्या पट्ट्यात आली की थांबा. जास्त भरलं तर फिरते भाग ऑइल फेसाळवतात, फेसाने दाब मिळत नाही आणि ऑइल व्हेंटमधून (गिअरबॉक्सच्या हवा सोडायच्या तोंडातून) बाहेर येतं. ही पद्धत सरसकट सगळ्या गाड्यांना लागू नाही. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून पाहतात, जुन्या क्रायस्लरमध्ये न्यूट्रलमध्ये. नव्या अनेक गाड्यांना डिपस्टिकच नसते, तिथे ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडून पातळी पाहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली स्वच्छ पुठ्ठा ठेवून पाहा, आणि आठवडाभराने सांधे व लेव्हल पुन्हा एकदा तपासा. क्विक-कनेक्ट नीट बसलं नसेल तर ते बहुधा याच काळात समजतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. तिथे रस्त्यांवर मीठ पसरत नाहीत आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत कूलर गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो, त्यामुळे लांब स्टीलच्या लाइन नसतात. पण कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत रोज उभ्या राहणाऱ्या मोठ्या ऑटोमॅटिक गाडीखाली लाइन असतील, तर सर्व्हिसिंगच्या वेळी क्लिपांखालचा भाग आवर्जून बघायला सांगा.

इकडच्यांनी नव्या लाइनवर, विशेषतः ब्रॅकेटच्या जागी, लॅनोलिनचा किंवा तेलकट गंजरोधकाचा थर हिवाळा सुरू होण्याआधी द्यावा आणि रस्त्यावरचं मीठ संपल्यावर, एप्रिलच्या सुमारास, गाडीचा तळ धुऊन घ्यावा. सांडलेल्या ऑइलवर मांजराच्या मातीची पिशवी ओता, रात्रभर शोषू द्या आणि झाडून घ्या. जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्या. बरीच दुकानं ते पैसे न घेता स्वीकारतात. त्यात कूलंट किंवा ब्रेक क्लीनर मिसळलेलं असेल तर घेत नाहीत, म्हणून सुरुवातीपासूनच डबे वेगळे ठेवा.